गणितातून कॉम्प्लेक्स सिस्टिम्सकडे: पीएचडीची जागा कुठे आणि कशी शोधायची

एम.एस्सी.चे रिझल्ट लागले की दरवर्षी ओळखीपाळखीतून दोन-तीन फोन येतातच, "मॅथेमॅटिकल मॉडेलिंगमध्ये पीएचडी करायचीय, कॉम्प्लेक्स सिस्टिम्समध्ये, कुठे जागा निघाल्यात का?" मग मी तासभर बोलत बसतो आणि समोरचा मिळेल त्या कागदावर लिहून घेतो. या वेळी म्हटलं सगळं नीट टाईप करूनच टाकू, कारण हे मला माझ्या वेळी कुणी सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

मी जिल्ह्याच्या कॉलेजात एम.एस्सी. मॅथ्स केलं. डायनॅमिकल सिस्टिम्सचा पेपर सिलॅबसमध्ये होता पण शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून अख्ख्या बॅचला दुसरा पेपर घ्यायला लावला. त्यामुळे हा विषय नेमका कुठे 'राहतो' हेच माहीत नव्हतं. रोज सकाळी गूगलवर कॉम्प्लेक्स सिस्टिम्स पीएचडी जाहिरात असं टाकायचं आणि काही निघालं नाही की हताश व्हायचं, असं कित्येक महिने चाललं.

तर पहिली गोष्ट हीच डोक्यात पक्की करा, की या नावाची पाटी शोधत फिरू नका. आयआयटी मद्रासमध्ये क्रिटिकल ट्रान्झिशन्स इन कॉम्प्लेक्स सिस्टिम्स असं सेंटर आहे, पण असे अपवाद थोडेच. एरवी हा विषय भाडेकरूसारखा दहा घरांत विखुरलेला असतो. फिजिक्सवाले त्याला स्टॅटिस्टिकल फिजिक्स किंवा नॉनलिनिअर डायनॅमिक्स म्हणतात, मॅथ्सवाले डायनॅमिकल सिस्टिम्स किंवा स्टोकॅस्टिक प्रोसेसेस, बायोलॉजीत थिऑरेटिकल इकॉलॉजी, सिस्टिम्स बायोलॉजी, साथरोगांचं मॉडेलिंग, इंजिनिअरिंगमध्ये कंट्रोल आणि नेटवर्क्स, सिव्हिलमध्ये ट्रॅफिक फ्लो, आणि हवामानवाले तर सरळ क्लायमेट डायनॅमिक्स म्हणून मोकळे होतात. आतलं गणित बरचसं तेच असतं. सुटे भाग साधे, एकमेकांवर परिणाम करणारे, आणि एकत्र आले की असं काहीतरी घडतं जे एकेकट्या भागाकडे बघून कळलंच नसतं. मुंग्यांची रांग असो, संध्याकाळी दादरच्या पुलावरची गर्दी असो नाहीतर मॉन्सूनमधला खंड असो.

आपल्याकडची उदाहरणं बघा म्हणजे पटेल. पुण्याचे माधव गाडगीळ आपल्याला पश्चिम घाटामुळे माहीत, पण त्यांची हार्वर्डची डॉक्टरेट मॅथेमॅटिकल इकॉलॉजीतली, आणि पुढे १९८३ मध्ये बंगलोरला आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस त्यांनीच उभं केलं. सुलोचना गाडगीळ याही पुण्याच्या, हार्वर्डला अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये पीएचडी, आणि आयुष्यभर काम मॉन्सूनवर. मॉन्सून म्हणजे नुसते मोठ्या आकाराचे खारे-मतलई वारे नव्हेत, तर विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो त्याचा तो खेळ आहे, ही मांडणी त्यांनी लावून धरली. दीपक धर यांनी वाळूच्या ढिगाच्या मॉडेलवर, म्हणजे एकेक कण टाकत गेलं की कधी छोटी कधी प्रचंड घसरण होते त्यावर, टीआयएफआरमध्ये (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) जे काम केलं ते जगभर शिकवलं जातं. ते नंतर आयसर पुण्यात आले आणि २०२२ चं बोल्ट्झमन मेडल, म्हणजे स्टॅटिस्टिकल फिजिक्सचा मोठा सन्मान, त्यांना मिळाला, भारतात पहिल्यांदाच. आता सांगा, या तिघांच्या दारावर 'कॉम्प्लेक्स सिस्टिम्स' कुठे लिहिलं होतं? आणि २०२१ चं फिजिक्सचं नोबेल मनाबे, हासेलमन आणि पारिसी यांना कॉम्प्लेक्स फिजिकल सिस्टिम्ससाठीच दिलं गेलं, त्यातले दोघं हवामानवाले.

म्हणून आधी प्रश्न ठरवा, कॉलेज नंतर. आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि 'हे असं का होतं' असं ज्याबद्दल खरोखर वाटतं ते लिहीत जा. कांद्याचा भाव दोन वर्षांआड का कोसळतो, डेंग्यू ठराविक वॉर्डातच का वाढतो, धरणातलं पाणी सोडायचा निर्णय खालच्या गावांपर्यंत कसा पोचतो. यातला जो प्रश्न आठव्या दिवशीही डोक्यातून जात नाही तो धरा. पाच वर्षं त्याच्यासोबत काढायची असतात, स्टायपेंड आणि कॅम्पस बघून निवडलेला प्रश्न तिसऱ्या वर्षी साथ सोडतो, मी दोन चांगली हुशार मुलं अशी सोडून जाताना पाहिलीत.

प्रश्न ठरला की लगेच फॉर्म भरायला धावू नका, एक छोटं मॉडेल स्वतः बांधा. माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साथीच्या मॉडेलिंगमध्ये ज्या पेपरचं नाव सतत येतं तो १९२७ चा, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, आणि केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेलेली होती. त्या पेपरमधला प्रसिद्ध आलेख कुठला आहे माहितीये? आपल्या मुंबईच्या प्लेगचा! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती मृत्यू झाले त्याचे ठिपके, आणि त्यांवरून जाणारा एक घंटेसारखा वक्र. वक्राचं सूत्र ८९० गुणिले सेक-एच स्क्वेअर (हायपरबोलिक सेकंट या फंक्शनचा वर्ग), आणि त्याच्या कंसात ०.२ गुणिले आठवडे, त्यातून वजा ३.४. बस, एवढंच.

आता हे सूत्र घेऊन पेन्सिलने बसा. ३.४ ला ०.२ ने भागलं की १७, म्हणजे शिखर सतराव्या आठवड्यात, त्या आठवड्यात ८९० मृत्यू. वक्राखालचं क्षेत्रफळ काढा, ८९० गुणिले २ भागिले ०.२, म्हणजे ८,९००, ही पूर्ण साथीतल्या मृत्यूंची मॉडेलने दिलेली बेरीज. सुरुवातीचा भाग बघा, तिथे वक्र साधारण घातांकी वाढतो, आठवड्याला ०.४ या दराने, म्हणजे मृत्यू दर १२ दिवसांनी दुप्पट. हे सगळं अर्ध्या तासात निघतं आणि पहिल्यांदा निघालं तेव्हा मला काय आनंद झाला होता हे मी शब्दांत सांगू शकणार नाही, शंभर वर्षांपूर्वीची गिरगाव-मांडवीतली साथ माझ्या वहीच्या एका पानावर उतरली होती.

पण खरी मजा पुढे आहे. सूत्रात आकडे तीन, ८९०, ०.२ आणि ३.४. हे सूत्र ज्या मॉडेलमधून निघतं त्यात न कळलेल्या गोष्टी मात्र चार: साथीच्या तडाख्यात येऊ शकणारी लोकसंख्या, लागण होण्याचा दर, रुग्ण बरा होण्याचा किंवा दगावण्याचा दर, आणि सुरुवातीचे रुग्ण. तीन आकड्यांवरून चार गोष्टी निघत नाहीत. म्हणजे वेगवेगळी लोकसंख्या आणि वेगवेगळे दर घेऊनही हाच वक्र मिळू शकतो, वक्र छान बसला म्हणून तुमचे दर बरोबर ठरत नाहीत. त्यात प्लेग माणसाकडून माणसाला नव्हे तर उंदीर आणि पिसवांमार्फत पसरत होता, आणि मुंबईत तो वर्षानुवर्षं ठराविक ऋतूतच उसळी मारायचा. साध्या मॉडेलमध्ये ना उंदीर ना ऋतू. बऱ्याच वर्षांनी निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने नेमकं यावरच बोट ठेवलं आणि उंदीर, पिसवा आणि ऋतू घालून मॉडेल पुन्हा मांडलं.

हे तुम्ही स्वतः पायथनमध्ये करून बघा, दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. आधी साधं मॉडेल, मग दर ऋतूप्रमाणे बदलता ठेवून, मग उंदरांची वेगळी संख्या घालून. प्रत्येक पायरीला काय सुधारलं आणि काय बिघडलं ते चार-पाच पानांत लिहा आणि कोड गिटहबवर टाका. प्लेग नको असेल तर नको, लॉजिस्टिक मॅप (लोकसंख्येच्या चढउताराचं एका ओळीचं समीकरण) घ्या, वाळूचा ढीग घ्या, नेटलोगो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गर्दीचं एजंट-बेस्ड मॉडेल, म्हणजे एकेक माणूस वेगळा धरून केलेलं, करा. पण मॉडेल कुठे मोडतं हे लिहिलेलं असलं पाहिजे. तेवढी चार पानं तुमच्या सीजीपीएपेक्षा जास्त बोलतात.

आता माणसं शोधायची. अर्काइव्हवर (arXiv, संशोधनाचे पेपर फुकट वाचायला मिळतात ती वेबसाईट) जा, तिथे नॉनलिनिअर सायन्सेस, फिजिक्स अँड सोसायटी, पॉप्युलेशन्स अँड इव्होल्यूशन, डायनॅमिकल सिस्टिम्स असे विभाग आहेत, आपल्या प्रश्नाचे शब्द टाकून गेल्या तीन वर्षांतले पेपर काढा आणि लेखकांच्या नावाखाली संस्था कुठली आहे ते बघत जा. महिन्याभरात पंधरा-वीस नावं होतात. तीच तुमची यादी.

तरी कुठे बघायचं याचा अंदाज देतो. पुण्यात पाषाणच्या एकाच पट्ट्यात आयसर, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयआयटीएम आहे (हे आयआयटीएम म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल मीटिऑरॉलॉजी, मद्रासचं आयआयटी नव्हे, दरवर्षी कुणीतरी गोंधळतंच). मॉन्सून मॉडेलिंग करायचं असेल तर त्याच्याइतकी जवळची जागा नाही, आणि गणितवाल्यांना तिथे खरंच काम आहे. मुंबईत टीआयएफआर, आणि आयआयटी बॉम्बेत मॅथ्स-फिजिक्ससोबत सिस्टिम्स अँड कंट्रोल आणि क्लायमेट स्टडीज हे दोन विभाग नक्की बघा, बरेच जण ते उघडूनही बघत नाहीत. कोविडमध्ये टीआयएफआर आणि आयआयएससीच्या लोकांनी मिळून मुंबई आणि बंगलोर शहरांचं एजंट-बेस्ड सिम्युलेशन केलं होतं, लोकल सुरू केल्या तर काय होईल वगैरे, ते वाचा, आपल्या रोजच्या प्रवासावर गणित कसं चालतं ते कळतं. गोव्यात दोना पावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), समुद्राच्या मॉडेलिंगसाठी. महाराष्ट्राबाहेर बंगलोर म्हणजे खाणच आहे: आयआयएससी, टीआयएफआरचीच आयसीटीएस (थिऑरेटिकल सायन्सेस), एनसीबीएस (बायोलॉजी) आणि अप्लाइड मॅथ्सचं सेंटर, आणि सीएसआयआरचं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) मॉडेलिंगचं फोर-पीआय. चेन्नईचं आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस), तिथे कॉम्प्युटेशनल बायोलॉजीतही पीएचडी होते. कोलकात्याचं आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), इकॉलॉजीच्या गणितासाठी. सीएसआयआरच्या लॅबमध्ये (एनसीएल, एनआयओ) गेलात तर डिग्री अ‍ॅकसिरची मिळते, म्हणजे सीएसआयआरच्याच अकादमीची, त्यांचा प्रवेश वर्षातून दोनदा असतो.

परीक्षांचं थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट जून आणि डिसेंबरची, मॅथेमॅटिकल किंवा फिजिकल सायन्सेसमधून. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ, म्हणजे सीनिअर, झाल्यावर ४२,०००, वर एचआरए. जेआरएफ नाही निघाली तरी २०२४ पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशासाठी एक वर्ष चालतो, फक्त स्टायपेंडची सोय तुम्हाला वेगळी करावी लागते. गेट फेब्रुवारीत, स्कोअर तीन वर्षं धरतात, आणि आयआयटीत बऱ्याचदा त्याचा आधार असतो. फिजिक्सवाल्यांना जेस्ट ही संशोधन संस्थांची सामायिक प्रवेश परीक्षा. गणितवाल्यांनी एनबीएचएमची (उच्च गणिताचं राष्ट्रीय मंडळ) स्कॉलरशिप परीक्षा सोडू नये, तयारीसाठी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलेलं, आणि एमटीटीएसचे (गणिताचं प्रशिक्षण देणारा उपक्रम) उन्हाळी वर्ग. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा साधारण डिसेंबरात असते. पीएमआरएफ (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ७०,००० आणि वर रिसर्च ग्रँट, पण ती ठराविक संस्थांपुरतीच.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी महाज्योती. यात रजिस्ट्रेशन पक्कं झालेलं लागतं, म्हणून प्रवेशाचं पत्र, रजिस्ट्रेशनची तारीख, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर लागू असेल तर ते, सगळं एका फाईलमध्ये स्कॅन करून तयार ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलला हेलपाटे मारायला वेळ मिळत नाही, माझ्या एका मैत्रिणीचं वर्ष फक्त एका दाखल्यापायी गेलं.

मेल कसा लिहायचा यावर मुलं फार अडतात. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली पॅशनेट अबाउट युवर रिसर्च" असा मेल प्राध्यापकांना दिवसाला कित्येक येतात. मी असे साठेक पाठवले होते आणि त्यातल्या दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकाराचेच. ज्या मेलला खरं उत्तर आलं त्यात पहिल्या ओळीत मी कोण हे होतं, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत त्यांच्या एका पेपरातल्या एका गृहीतकाबद्दल माझा प्रश्न होता, की तुम्ही संपर्काचा दर कायम धरलाय, तो ऋतूप्रमाणे बदलला तर तुमचा निष्कर्ष टिकतो का, मी करून पाहिलं तर मला असं असं दिसलं, आणि खाली माझ्या चार पानांची लिंक. शेवटी एकच विचारलं, पुढच्या वर्षी तुमच्याकडे जागा आहे का. हे विचारायलाच हवं, कारण यूजीसीच्या नियमाने प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात, विद्यापीठात गाईड चांगला असूनही जागा भरलेल्या असतात. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

परदेशाचं गणित वेगळं आहे. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच असते, पगाराचं कॉन्ट्रॅक्ट मिळतं आणि जागेची जाहिरात एखाद्या प्रोजेक्टसाठी निघते, त्यामुळे तिथे खरंच जाहिराती बघायच्या, युरॅक्सेस या युरोपातल्या संशोधनाच्या जागांच्या पोर्टलवर अलर्ट लावून ठेवा. ड्रेस्डेनला मॅक्स प्लांकची फिजिक्स ऑफ कॉम्प्लेक्स सिस्टिम्सची आख्खी संस्था आहे, हवामान असेल तर पॉट्सडॅमची पीआयके ही हवामान संशोधन संस्था. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्समध्ये पैसे चांगले, पण अट नीट वाचा: ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसले पाहिजेत. याचा उलटा अर्थ असा की भारतातून थेट जाणाऱ्याला ही अट आडवी येतच नाही, तिथेच मास्टर्स केलेल्यांना येते. ऑस्ट्रियातलं आयएसटीए (इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑस्ट्रिया) एम.एस्सी. नसलं तरी घेतं, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. अमेरिकेत प्रोग्रामला प्रवेश मिळतो, गाईड नंतर ठरतो, टीए-आरएमधून (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनीस म्हणून काम) फी आणि खर्च निघतो, डेडलाईन बहुतेक डिसेंबरात. नॉर्थईस्टर्न विद्यापीठात नेटवर्क सायन्समध्ये आणि व्हरमाँटला कॉम्प्लेक्स सिस्टिम्स अँड डेटा सायन्समध्ये चक्क नावानिशी पीएचडी आहे. सांता फे इन्स्टिट्यूट या कॉम्प्लेक्स सिस्टिम्सच्याच संशोधन संस्थेचं नाव सगळीकडे ऐकाल, पण ते डिग्री देत नाहीत, त्यांचे फुकट ऑनलाईन कोर्स मात्र जरूर करा. आणि ज्यांची एम.एस्सी. कच्ची राहिलीय असं वाटतं त्यांनी इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपीचा (थिऑरेटिकल फिजिक्सचं आंतरराष्ट्रीय केंद्र) एक वर्षाचा डिप्लोमा बघा, आपल्यासारख्या देशांतल्या मुलांसाठीच आहे, क्वांटिटेटिव्ह लाइफ सायन्सेसमध्येही असतो, आणि खर्च तेच करतात.

इंटरव्ह्यूला बसल्यावर लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि प्रोबॅबिलिटी यांच्याच मुळाशी जातात. आयगेनव्हॅल्यूवरून स्थिरता कशी ठरते, पॉइसाँ प्रोसेस म्हणजे काय, हे फळ्यावर हात न अडखळता यायला पाहिजे. त्यानंतर तुमच्या प्रोजेक्टवर येतात आणि जवळजवळ नक्की विचारतात, "तुझं मॉडेल चुकीचं आहे हे कशावरून कळेल?" मला विचारलं तेव्हा मी प्लेगच्या वक्रातले तीन आकडे फळ्यावर लिहिले, शेजारी चार अज्ञात लिहिले, आणि ऋतूचं सांगितलं. पुढची वीस मिनिटं आम्ही उंदरांबद्दल बोललो.

ऑफर आली की सही करण्याआधी त्या गाईडकडे सध्या असलेल्या दोन आणि सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याशी फोनवर बोला. मेलवर कुणी खरं लिहीत नाही. पीएचडी सरासरी किती वर्षांत संपते, फेलोशिप संपल्यावर पैशाची सोय होते का, सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा बसून चर्चा करतात, पहिल्या पेपरवर नाव कुणाचं आधी लागतं, एवढं विचारा. सोडून गेलेल्याशी बोलणं अवघड वाटतं, तरी बोलाच, आणि तो बोलताना मध्ये कुठे थांबतो याकडेही लक्ष ठेवा.